पंप नको, पाइप नको, मातीही नको : दीड हजार रुपयांत घरच्या घरी हायड्रोपोनिक्स कसे सुरू करायचे?

मोबाइलवर दोन-चार वेळा ‘टेरेस गार्डन’ शोधले, की पुढचे दोन आठवडे पांढऱ्या पाइपांतून डोकावणाऱ्या हिरव्यागार लेट्यूसचे व्हिडिओ पिच्छा सोडत नाहीत. त्याखालीच किटची जाहिरात असते. पाइपची चौकट, पंप, टायमर, वर ‘महिनाभरात भाजी ताटात’ असे आश्वासन. किंमत आठ-दहा हजारांच्या पुढे. घेणारा हौसेने घेतो, पहिली खेप बरी निघते, मग एप्रिलच्या उन्हात मुळे सडतात आणि चौकट बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येते.

हा खर्च करण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी. पालेभाजी पाण्यावर वाढवण्यासाठी पंप लागत नाही, वीजही लागत नाही. झाकणाचा एक टब, योग्य खत आणि दोन छोटी मापनाची साधने एवढ्यावर काम भागते. नवख्याने पैसे टाकायचे असतील तर ते पाइपवर नव्हे, खतावर आणि मापनावर टाकावेत.

मातीविना झाड जगते कसे?

झाडाला माती हवी असते ती आधारासाठी आणि तिच्यातल्या पाणी, हवा व क्षारांसाठी. या गोष्टी दुसरीकडून मिळाल्या तर मातीवाचून त्याचे अडत नाही. वनस्पतीला वाढीसाठी १७ मूलद्रव्ये अत्यावश्यक मानली जातात. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही हवा-पाण्यातून येतात. उरलेली १४ मुळांवाटे, पाण्यात विरघळलेल्या रूपातच आत जातात.

हे ज्ञान नवे नाही. जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६० च्या सुमारास फक्त क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून दाखवली होती. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ झाला तो १९३७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांच्यामुळे. भारताचा धागाही जुना आहे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये बंगालमधील कालिम्पाँग इथे प्रयोग सुरू केले आणि खडी-वाळूच्या मिश्रणात, महागड्या यंत्रांशिवाय भाजी घेण्याची ‘बंगाल सिस्टीम’ मांडली. म्हणजे स्वस्तातले हायड्रोपोनिक्स हा आपल्याकडे ८० वर्षांपूर्वीचा विषय आहे. महाग झाले ते नंतर.

पंपाशिवाय हे चालते कसे?

या पद्धतीला ‘क्रॅटकी पद्धत’ म्हणतात. हवाई विद्यापीठातील उद्यानशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती विकसित केली. टबात खताचे पाणी भरायचे, झाकणाला भोक पाडून त्यात जाळीचा छोटा कप बसवायचा आणि कपात रोप ठेवायचे. सुरुवातीला पाण्याची पातळी कपाच्या तळाशी जेमतेम सेंटिमीटरभर लागेल एवढी ठेवायची. झाड पाणी पीत जाते, पातळी खाली जाते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये ओलसर हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत लोंबणारी मुळे ऑक्सिजन घेतात, खाली पाण्यात बुडालेली मुळे पाणी आणि क्षार घेतात. पंप आणि एअर स्टोन जे काम करतात, ते इथे पाण्याची घटती पातळीच करते.

म्हणूनच नवख्यांनी एक पथ्य पाळायचे : पाणी कमी झालेले दिसले म्हणून टब पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. हवेवर जगायला सरावलेली मुळे अचानक बुडाली तर गुदमरतात आणि झाड दोन दिवसांत मान टाकते. कुंडीला रोज पाणी घालायची सवय असलेल्या घरात हे पथ्य पाळणे सगळ्यात अवघड. पातळी फारच खाली गेली असेल तर एक-तृतीयांश उंचीपर्यंत भरा, त्यावर नाही. घरात आजी-आजोबा असतील तर झाकणावर तसे ठळक लिहूनच ठेवा!

मग पंपाचे किट वाईट का?

वाईट नाही, पण ती दुसरी इयत्ता आहे. पाइपच्या पद्धतीत मुळांवरून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. उन्हाळ्याच्या दुपारी दोन-तीन तास वीज गेली आणि घरात कोणी नसेल, तर मुळे कोरडी पडून सगळी खेप एकदम जाऊ शकते. टबात मात्र हाताशी कित्येक लिटर पाण्याचा साठा असतो. पंपाचा एक कमी चर्चिला जाणारा दोष म्हणजे तो पाणी तापवतो. शिवाय उन्हात तापलेल्या पाइपांतून तेच पाणी दिवसभर फिरत राहते.

‘हायड्रोपोनिक्सने पाणी वाचते’ हा दावा बराच खरा आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लेट्यूसची तुलना प्रसिद्ध केली होती. शेतातल्या लेट्यूसला किलोमागे साधारण २५० लिटर पाणी लागते, तर हायड्रोपोनिक्सला सुमारे २० लिटर, असा तो हिशेब होता. मात्र त्याच अभ्यासात ऊर्जेची गरज सुमारे ८२ पट जास्त निघाली, हा भाग जाहिरातींत येत नाही. तो हिशेब तापमान आणि प्रकाश नियंत्रित ठेवलेल्या हरितगृहाचा होता, हे खरे. पण बाल्कनीतल्या टबाला ऊर्जेचा खर्च शून्य आहे, हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

सामान काय, खर्च किती?

झाकणाचा २० लिटरचा प्लास्टिक टब किंवा क्रेट अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतो. घरात १५ लिटरचा खाद्यतेलाचा प्लास्टिक डबा पडून असेल तर तोही चालेल. गरम पाणी आणि साबणाने तेलाचा अंश पूर्ण काढा. भाजी खायची आहे, म्हणून रंगाची बादली किंवा रसायनांचे ड्रम नकोत. टबाच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल तर उत्तम.

टब पारदर्शक असेल तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा थर प्रकाश अडवतो, त्यामुळे शेवाळ धरत नाही. पांढरा थर उष्णता परतवतो. थर्मोकोलचा जाड खोका मिळाला तर आत प्लास्टिक अंथरून तोच टब म्हणून वापरा. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त साधन नाही.

दोन इंची जाळीचे कप पाच-दहा रुपयांना एक पडतात. झाकणाला भोके पाडण्यासाठी घरी सुरी तापवत बसू नका. ड्रिल आणि होल-सॉ असलेला हार्डवेअरवाला किंवा प्लंबर पाच मिनिटांत पाडून देतो. २० लिटरच्या टबाला चारच भोके ठेवा. लेट्यूसचा एक गड्डा तयार होईपर्यंत साधारण चार लिटर पाणी पितो, आपल्याकडच्या उन्हात थोडे जास्तच. दहा भोके पाडली तर पाणी अर्ध्या वाटेत संपेल.

याशिवाय कोकोपीट किंवा स्पंजचे चौकोन, बियाणे, तयार खताची ‘ए’ आणि ‘बी’ अशी बाटल्यांची जोडी, पेनसारखा टीडीएस मीटर आणि थेंब टाकून रंग पाहायचा पीएच किट. खत तीनशे ते पाचशे, टीडीएस मीटर दोनशे ते चारशे, पीएच किट दीडशे ते तीनशे रुपये. भाव दुकानागणिक बदलतात, पण एकूण बेरीज हजार ते दीड हजारांत बसते आणि मीटर पुढच्या प्रत्येक टबाला तोच वापरता येतो.

पाणी कोणते वापरायचे?

मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत धरणातून येणारे नळाचे पाणी सहसा मृदू असते. ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. बोअरवेलचे पाणी आधी मीटरने मोजा. मराठवाडा, सोलापूर पट्ट्यात अनेक ठिकाणी ते इतके क्षारयुक्त असते की खत घालण्याआधीच मीटर पाचशेच्या पुढे जातो. अशा पाण्यात पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी मिसळावे लागते.

आरओ फिल्टरमधून वाया जाणारे पाणी वापरावे, हा सल्ला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास येतो. लादी पुसायला ते छान आहे. टबात मात्र नको, कारण फिल्टरने बाहेर टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. एसीचे पाणी उलट क्षारमुक्त असते, पण ते कॉइलवरची धूळ-बुरशी धुऊन येते. खायच्या भाजीला तेही टाळलेले बरे.

खताचे गणित नेमके काय?

खरी मेख इथे आहे. ‘कुंडीत चालते ते पाण्यात का नाही?’ असा प्रश्न बहुतेकांना पडतो. युरिया, १९:१९:१९ (त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्याच रूपात असतो), शेणखताचा अर्क, जीवामृत हे सगळे मातीतल्या जिवाणूंच्या भरवशावर काम करतात. जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, मग झाड ते घेते. टबात ती फौज नसते. जीवामृत पाण्यात टाकले तर चार दिवसांत वास सुटतो आणि ऑक्सिजन संपून मुळे मरतात. त्यामुळे पाण्यात थेट विरघळणारे नायट्रेटयुक्त खतच लागते. अर्थात, या भाजीला ‘सेंद्रिय’ म्हणता येत नाही. कीटकनाशकाशिवाय ती घेता येते, हा फायदा वेगळा.

तयार खत दोन बाटल्यांत का येते? ‘ए’मध्ये कॅल्शियम असते, ‘बी’मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट द्रावणे थेट एकत्र केली तर कॅल्शियम त्यांच्याशी संयोग पावून पांढरा गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळ झाडाच्या उपयोगाचा नाही. म्हणून टबात आधी पूर्ण पाणी, मग ‘ए’ टाकून ढवळायचे, नंतर ‘बी’ टाकून ढवळायचे. मोजायचे झाकणही दोन्हींसाठी वेगळे ठेवा.

एक-दोन खेपा जमल्या की खत घरी बनवता येते आणि तेव्हा खर्च खूप उतरतो. ठिबकवर द्राक्ष-डाळिंब घेणारे शेतकरी जी विद्राव्य खते वापरतात, तीच इथे लागतात आणि ती कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुड्यांत मिळतात. पालेभाजीसाठी एक साधे प्रमाण असे : एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ही झाली ‘ए’ बाटली. दुसऱ्या लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५, १५ ग्रॅम ०:५२:३४, ३० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि पुडीवरच्या मात्रेने चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये, ही ‘बी’ बाटली. टबातल्या दर लिटर पाण्याला दोन्हींतून १०-१० मिलिलिटर. म्हणजे २० लिटरच्या टबाला २००-२०० मिलिलिटर. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला टायट्रेशन केलेल्यांना हे पोरखेळ वाटेल, पण वजन अंदाजाने घेऊ नका. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा हवाच. बाटल्यांवर नाव लिहा आणि त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

खत मिसळल्यावर पालेभाजीसाठी मीटरवर ५०० ते ८०० पीपीएमच्या दरम्यान आकडा हवा. एप्रिल-मेमध्ये खालच्या बाजूला राहा, कारण उन्हात झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढते आणि टबातले द्रावण आपोआप घट्ट होत जाते. हा मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही, हेही लक्षात असू द्या. मिठाचे पाणीही ७०० दाखवेल!

पीएच ५.५ ते ६.५ च्या मध्ये ठेवायचा. नळाचे पाणी बहुधा ७ च्या वर असते. तिथे लोह झाडाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असे चित्र दिसते. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरतो, पण थोड्याच दिवसांत पुन्हा चढतो. पातळ फॉस्फोरिक आम्लाचे ‘पीएच डाऊन’ थेंबाथेंबाने घालणे जास्त भरवशाचे. हातमोजे घाला आणि आम्ल पाण्यात टाका, पाणी आम्लात नव्हे.

पहिले पीक कोणते घ्यावे?

बियाण्यापासूनच सुरुवात केली पाहिजे असे नाही. बाजारातून पुदिन्याची ताजी जुडी आणा, जाड काड्या निवडा, खालची पाने काढून साध्या पाण्यात ठेवा. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मग त्या जाळीच्या कपात बसवून टबावर ठेवा. बी रुजले का, रोप मेले का, ही सगळी धाकधूक यात टळते.

बियांपासून घ्यायचे तर लेट्यूस, पाकचोय, पालक आणि बेसिल सोपे. ओल्या कोकोपीटमध्ये बी वरवर टाकायचे. लेट्यूस तीन-चार दिवसांत उगवतो, पालकाला आठवडा लागतो. पालकाचे बी रात्रभर भिजवा. दोन-तीन खरी पाने आली आणि मूळ कपाच्या जाळीतून डोकावले की, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, टबावर न्या. पेरणीपासून दीड महिन्यात लेट्यूस काढणीला येतो. पालकाची बाहेरची पाने खुडत राहिलात तर एकच झाड कित्येक आठवडे पाने देते.

टोमॅटो, मिरची, स्ट्रॉबेरी यांच्या मोहात पहिल्या वर्षी पडू नका. त्यांना जास्त ऊन, जास्त पोटॅश, आधार आणि परागीभवन हे सगळे लागते. मुळा, गाजर तर या टबासाठी नाहीतच.

लेट्यूस, पालकाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तापमान ३० अंशांपुढे गेले की लेट्यूसचे बी उगवायला कुरकुरते, पाने कडू होतात आणि झाड फुलोऱ्यावर जाते. पाण्याचेही तसेच. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. मुळांना हवा कमी मिळते आणि त्याच वेळी मुळे कुजवणारी बुरशी जोर धरते. उन्हाळ्यात करायचेच असेल तर पुदिना, बेसिल किंवा पाणथळीत आपसूक वाढणारी नाळीची भाजी घ्या.

उन्हाबाबत फ्लॅटवाल्यांसाठी एक बारकावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणमुखी बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र मुंबईच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्याच बाल्कनीत थेट ऊन जवळपास येतच नाही. जानेवारीत जोमाने वाढलेले रोप जूनमध्ये लांबट, फिकट का झाले, याचे उत्तर खतात नसून इथे असते. रोज चार ते सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा आधी शोधा, टब नंतर विकत घ्या.

डास होणार नाहीत का?

दुर्लक्ष केले तर नक्की होतील. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मुंबईत पैदास आढळली तर महापालिका नोटीस बजावते. उपाय सोपा आहे : झाकण घट्ट हवे, कप भोकात फट न राहता बसला पाहिजे, रिकामे भोक टेप लावून बंद केले पाहिजे. पावसाळ्यात झाकणावर साचणारे पाणीही पुसा. दर आठवड्याला झाकण उचलून टॉर्चने आत पाहा. वळवळ दिसली तर तो टब त्याच दिवशी रिकामा करा.

झाकण उचलले की मुळांकडेही नजर टाका. पांढरी, भरघोस मुळे म्हणजे सगळे ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी मुळे म्हणजे कूज; त्यावर औषध शोधत बसू नका, झाड काढून टब ब्लीचने धुवा, चांगला खंगाळा आणि नव्याने सुरू करा. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्र संपत आले असावे. पानांच्या कडा करपल्या तर द्रावण फार घट्ट झाले आहे किंवा ऊन सोसवत नाही.

आणखी एक गोष्ट वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २० लिटरचा टब बाल्कनीच्या लादीवर बिनधास्त ठेवा. पण खिडकीच्या बाहेर काढलेल्या लोखंडी ग्रिलमध्ये असे चार-पाच टब रचू नका.

यात पैसे वाचतात का?

पहिल्या वर्षी नाही. बाजारात पालकाची जुडी वीस-तीस रुपयांना मिळते आणि एका टबातून महिन्याला तीन-चार जुड्यांहून जास्त निघत नाही. लेट्यूस, बेसिल, पाकचोय असा महाग आणि लवकर मलूल होणारा माल घेतला, खत घरी बनवले आणि टब चार केले तर हिशेब जुळायला लागतो. पण टबातल्या यशावरून कोणी ‘एवढे गुंतवा, दरमहा एवढे उत्पन्न’ असा पॉलिहाऊसचा प्रस्ताव आणला तर पहिला प्रश्न विचारा : दीड-दोन दिवसांत शिळा होणारा माल रोज कोण आणि कोणत्या भावाने घेणार? त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

खेप संपल्यावर टबात उरलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात अजून खत असते. तेवढेच साधे पाणी मिसळून ते कुंड्यांना घाला, टब घासून एक दिवस उन्हात वाळवा आणि पुढचे बी त्याआधी पंधरा दिवस पेरलेले असू द्या, म्हणजे टब रिकामा राहणार नाही.